अकरा पॉइंट नकोत, एक मोकळी दुपार द्या!

डिसेंबर तोंडावर आला की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद हमखास लागतो. ‘शैक्षणिक सहल : गोवा, दोन दिवस’. खाली फी, पैसे भरायची शेवटची तारीख आणि पालकांच्या सहीचा फॉर्म. तो कागद लागला की लेक्चरला कोणाचंच लक्ष नसतं. बसमध्ये शेवटची सीट कोणाची, कोणाच्या घरून परवानगी मिळाली, कोणाची अडली, गॉगल कुठून घ्यायचा, हीच चर्चा.

मीही त्यात होते. मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला, घाटावरच्या एका कॉलेजात. फी ३,२०० रुपये, आम्ही ४६ जण, बरोबर तीन शिक्षक. यादीत एकूण अकरा पॉइंट होते : मंगेशी, शांतादुर्गा, जुने गोवे, मिरामार, दोनापावला, मांडवीतली क्रूझ, आग्वाद किल्ला, कळंगुट, बागा, हणजूण आणि शेवटी म्हापशाचा बाजार. यादी वाचतानाच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं होतं!

गंमत म्हणजे या सहलीला जाताना आमची बस माझ्याच गावात थांबली. आंबोलीचा घाट उतरून बांद्याला आलो, तिथे चहासाठी दहा मिनिटं. बाबा हायवेवर खाज्याचा पुडा घेऊन उभे होते. तो मी बसमध्ये वाटला. एका मित्राने खाजं चावत विचारलं, “हे तुझं गाव? इथे बघण्यासारखं काय आहे?”

मला उत्तर देता आलं नाही. “काही नाही रे, बॉर्डर आहे. इथून पुढे गोवा सुरू,” असं म्हणून मी मोकळी झाले. बस सुटली, गाणी लागली आणि पाच-दहा मिनिटांत पत्रादेवी मागे गेली. कोणी मान वळवूनही बघितलं नाही. मीसुद्धा नाही. हे वाक्य पुढे परत येणार आहे, लक्षात ठेवा.

३५ मिनिटांत ४०० वर्षं

सहलीत मी एक उद्योग केला. पत्रकारितेची विद्यार्थिनी असल्याचा माज म्हणा हवं तर. प्रत्येक ठिकाणी बस कधी थांबली आणि कधी सुटली, ते मोबाइलमध्ये लिहून ठेवलं. घरी येऊन बेरीज केली तर कळलं, की जुन्या गोव्याला आमच्या वाट्याला ३५ मिनिटं आली होती. त्यातली वीस मिनिटं मुली स्वच्छतागृहाच्या रांगेत होत्या. उरलेल्या पंधरा मिनिटांत बॅसिलिका ऑफ बॉम जीझसमध्ये शिरलो, पुढच्याच्या पाठीकडे बघत सरकलो आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडलो. बाहेर ग्रुप फोटो. “चला, चला, उशीर झालाय!”

माझ्या शेजारच्या सीटवर माझी एक मैत्रीण होती. तिची आई शिवणकाम करते. सहलीचे पैसे दोन हप्त्यांत भरले होते. समुद्र तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या सहलीत बघितला, तोही संध्याकाळी साडेसहाला, अंधार पडताना, २५ मिनिटं. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, “मी गोव्याला जाऊन आले म्हणजे नक्की कुठे जाऊन आले गं?” आम्ही हसलो. पण तिचा प्रश्न विनोदासाठी नव्हता.

मी घरी गेल्यावर आजीने विचारलं, “काय काय बघलंस गो?” मी यादी सांगितली. आजी म्हणाली, “दर्या आपल्याकडे नाय काय? मगे एवढे पैसे कित्याक भरलंस?”

आजीच्या प्रश्नालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्यांदा, पायी

या वर्षी इंटर्नशिपला लागल्यावर एका सुट्टीत मी त्याच मैत्रिणीला बांद्याला बोलावून घेतलं. तिसरी एक जण सोबत आली. सकाळी बसने पणजी, तिथून दुसऱ्या बसने जुने गोवे, दुपारी परत पणजी आणि रात्री जेवायला घरी. तिघींचा मिळून खर्च माझ्या एकटीच्या सहलीच्या फीपेक्षा कितीतरी कमी झाला. पॉइंट म्हणाल तर दोनच.

पण काय बघितलं ते सांगते.

बॉम जीझस हे १६०५ मध्ये पूर्ण झालेलं चर्च. त्याच्या भिंती नीट बघा. आमच्याकडच्या घरांना जो चिरा असतो ना, तोच जांभा दगड! पूर्वी त्यावर गिलावा होता. विसाव्या शतकात तो काढून टाकला, म्हणून आज लालसर चिरा उघडा दिसतो आणि पावसाने झिजतोही. पहिल्या वेळी मी त्याच भिंतीला टेकून फोटो काढला होता, पण हा आपलाच चिरा आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आत चांदीच्या पेटीत सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत. हा माणूस १५०६ मध्ये आजच्या स्पेनमधल्या नवारा प्रांतात जन्मला, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर वारला आणि विसावला आपल्या शेजारी.

समोरच्या सी कॅथेड्रलला एकच बुरूज का? दुसरा १७७६ मध्ये कोसळला म्हणून. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा आहे. आमच्या सहलीत तो ‘बसमधूनच बघा’ या वर्गात होता. त्याच्या खाली उत्खननात जॉर्जिया देशाच्या केतेवन राणीचे अवशेष सापडले. राणीला १६२४ मध्ये इराणमधल्या शिराजला मारलं गेलं आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी इथवर आणल्या. २०२१ मध्ये भारताने त्यातला काही भाग जॉर्जियाला भेट दिला. जॉर्जियासाठी ती संत आहे. आणि आपण म्हणायचं, ‘तिथे काय, एक पडका मनोरा आहे.’

मैत्रीण त्या ओसाड चौथऱ्यावर अर्धा तास बसली. कोणी “चला, चला” म्हणालं नाही.

दुपारी पणजी. जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे. एक माणूस हात पुढे करून उभा आणि समोर एक बाई कोसळत चाललेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की हा कसला पुतळा! तो आबे फारियाचा. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेला हा माणूस संमोहनशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी एक. अलेक्झांदर द्युमाच्या ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीत फारिया नावाचं पात्र आहे ना, ते याच्यावरून. त्याची एक गोष्ट गोव्यात सांगतात. तरुणपणी पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि समोरचे बडे लोक बघून त्याची बोबडी वळली. तेव्हा वडील हळूच कोकणीत पुटपुटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” आणि पोराचं तोंड उघडलं. गोष्ट खरी की रचलेली, सोडून द्या. पण व्हायवाच्या आधीच्या रात्री आठवून बघा, कामाला येते!

तिथून थोडं पुढे आझाद मैदानासमोर मिनेझिस ब्रागांझा संस्थेची इमारत आहे. दारातच निळ्या रंगातल्या चित्रांच्या फरशांनी मढवलेल्या भिंती आहेत. हे पोर्तुगीज ‘अझुलेजो’ आपण ट्रॅव्हल रीलमध्ये लिस्बनचे बघतो, ते बसस्टँडपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. आणि पाट्याला सेंट्रल लायब्ररी आहे. १८३२ मध्ये स्थापन झालेली ही लायब्ररी देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. आमच्या ‘शैक्षणिक’ सहलीत हिचं नावही नव्हतं.

सरांची बाजू

हे सगळं मी आमच्या एका सरांना सांगितलं. त्यांना माझा मुद्दा पटला, पण त्यांनी मलाच एक प्रश्न विचारला, “४६ पोरं शहरात मोकळी सोडायची आणि एखादं हरवलं तर जबाबदारी कोण घेणार? तू?”

त्यांची भीती खोटी नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ जण बुडाले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, आमच्याच जिल्ह्यात मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे आठ जण गेले. त्या दिवसांत आमच्याकडे घराघरात तोच विषय होता. सहलीला विद्यार्थी नेणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला हे आठवल्याशिवाय झोप येत नसेल.

पण मग टाइमटेबल नीट बघा. पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांवर, म्युझियममध्ये, लायब्ररीत आम्हाला पाच मिनिटंही एकटं सोडलं नाही. आणि मोकळा वेळ, म्हणजे ज्याला आपण ‘फ्री टाइम’ म्हणतो, तो दिला कुठे? बागा बीचवर. संध्याकाळी. दिवसभर बसमध्ये आंबलेल्या, कधी एकदा पाण्यात उडी मारतो असं झालेल्या ४६ जणांना. ज्या दोन दुर्घटनांची आपण भीती घेतो, त्या दोन्ही समुद्रात घडल्या आहेत. कुठल्या शहराच्या गल्लीत नाही. तरी बंदी गल्लीवर आणि सूट समुद्रावर!

माझं म्हणणं एवढंच आहे. समुद्र वगळू नका, माझ्या मैत्रिणीने तो पहिल्यांदा बघितलाय. पण तो सकाळी ठेवा, जीवरक्षक असतील तिथे ठेवा, शिक्षक किनाऱ्यावर असताना ठेवा आणि घाई न करता ठेवा. आणि मोकळी दुपार शहराला द्या.

करायचं कसं?

फार अवघड नाही. सहा-सहा जणांचे गट पाडा. प्रत्येक गटाचा एक प्रमुख, त्याचा फोन चार्ज केलेला. शिक्षक एका ठरलेल्या जागी बसलेले, समजा पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांजवळ. दर दीड तासाने गटप्रमुखाने तिथे येऊन तोंड दाखवायचं किंवा लाइव्ह लोकेशन टाकायचं. शहराचा भाग आधीच ठरवून द्यायचा : चर्च, आझाद मैदान, जुनं सचिवालय, फोंतायनास. सगळं पायी फिरता येतं. दुपारी दोन ते सहा, चार तास.

आणि प्रत्येक गटाने एकच गोष्ट शोधून आणायची. एखाद्या रस्त्याच्या नावामागची कथा, एखाद्या बेकरीतला पदार्थ कसा होतो ते, एखाद्या इमारतीत आधी काय होतं ते. परतीच्या बसमध्ये माइक हातात घेऊन पाच मिनिटं बोलायचं. अंताक्षरी त्यानंतर. रिपोर्ट लिहायला सांगू नका, प्लीज! रिपोर्ट म्हटलं की आम्ही गुगलवरून उचलतो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही.

यात एक फायदा आणखी आहे. ४६ जणांच्या घोळक्यात जो पोरगा किंवा पोरगी कायम मागे राहते, तिला सहा जणांत तोंड उघडावंच लागतं. माझ्या मैत्रिणीचं पाहिलंय मी. पहिल्या सहलीत ती दोन दिवसांत मोजून दहा वाक्यं बोलली असेल. दुसऱ्या वेळी फोंतायनासमध्ये रस्ता तिनेच विचारला, तोडक्यामोडक्या कोकणीत.

लोकांची घरं आहेत ती

आता आपल्या बाजूचंही बोलू. मोकळा वेळ मागायचा तर तो वापरायची अक्कलही हवी.

फोंतायनास हा पणजीतला जुना वाडा. पिवळी, निळी, लाल घरं, छोट्या बाल्कन्या. इन्स्टावर तुम्ही तो हजारदा बघितलाय. पण त्या घरांत माणसं राहतात. आम्ही गेलो तेव्हा एक ग्रुप कोणाच्या तरी दारातल्या पायरीवर चढून रील काढत होता. आतून एक आजोबा पेपर घेऊन बाहेर आले आणि नुसते उभे राहिले. काही बोलले नाहीत. ग्रुपने त्यांना “अंकल, दोन मिनिटं बाजूला व्हाल का?” असं विचारलं. स्वतःच्या दारातून! तिथल्या काही घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्यात, त्या उगाच नाहीत.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. स्पेनमधल्या बार्सिलोनात जुलै २०२४ मध्ये स्थानिक लोकांनी मोर्चा काढला आणि हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. घरभाडी परवडेनात, गल्लीत चालायला जागा उरेना, म्हणून चिडलेली माणसं होती ती. इटलीतल्या व्हेनिसने त्याच वर्षी नियम केला, की एका गाइडबरोबर २५ पेक्षा जास्त माणसं नकोत आणि लाउडस्पीकर तर अजिबात नको. आपली ४६ जणांची वरात, पुढे शिट्टी फुंकणारे सर आणि मागे ब्लूटूथ स्पीकर हे दृश्य व्हेनिसमध्ये दंडाला पात्र ठरलं असतं.

म्हणजे छोटे गट हे फक्त आपल्या सोयीचे नाहीत. ज्यांच्या शहरात आपण जातोय त्यांचीही त्यात सुटका आहे. आणि एक कबुली देते. ‘कल्चरल पॉइंट कमी करा, बीच वाढवा’ ही मागणी दरवर्षी विद्यार्थ्यांकडूनच जाते. आमच्या वर्गाने तर तसा अर्ज दिला होता. त्यावर माझीही सही आहे. सगळं खापर शिक्षकांवर फोडून चालणार नाही.

आणि पत्रादेवी

आता त्या वाक्याकडे परत येते. बस पत्रादेवीवरून गेली आणि मी मान वळवून बघितलं नाही.

भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, पण गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. त्याआधी १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही हातात तिरंगा घेऊन, निःशस्त्र, गोव्याच्या हद्दीत शिरले. पत्रादेवीला पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तिथे पडलेल्यांमध्ये करनैलसिंग होता, पंजाबातल्या इसरू गावचा. पेशाने शिक्षक, वयाने पंचविशीच्या आसपास. म्हणजे माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा. आज तिथे हुतात्मा स्मारक आहे, रस्त्याला लागूनच. बस थांबवायला वेगळा फाटा घ्यावा लागत नाही. दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं आम्ही बांद्याला दुसऱ्या चहावर घालवली होती.

पंजाबातला एक शिक्षक जिथे येऊन मेला, तिथून हाकेच्या अंतरावर वाढलेली मी मित्राला सांगत होते, ‘काही नाही रे, बॉर्डर आहे.’ याची मला आज लाज वाटते.

आणि ‘इथे बघण्यासारखं काय आहे’ याचं उत्तर? आता देते. तेरेखोल नदीकाठचं बांदा आदिलशाहीत आदिलाबाद म्हणून ओळखलं जायचं. त्या काळातल्या घुमटाच्या वास्तूला गावात रेडेघुमट म्हणतात. पणजीतलं जुनं सचिवालय, ज्याच्या शेजारी आबे फारिया उभा आहे, तोही मुळात आदिलशहाचाच वाडा. म्हणजे माझं गाव आणि ती इमारत एकाच सत्तेखाली होते, मधली बॉर्डर नंतर आली. बांदेश्वराचं देऊळ आहे. आठवडा बाजार आहे.

जवळच सावंतवाडी आहे. मोती तलाव, त्यासमोरचा राजवाडा, चितार आळीतली लाकडी खेळणी आणि गंजिफा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत एकूण १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. ही कला संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती जगवली. आजही तिथे पत्ते रंगवणारे कारागीर दिसतात. एक गट तिथे तासभर बसला तर एका पत्त्याला किती वेळ लागतो ते कळेल आणि बाहेर आल्यावर ‘एवढं महाग का?’ असं कोणी विचारणार नाही. गोव्याला जाणाऱ्या किती बस दरवर्षी या तलावाला वळसा घालून निघून जातात!

यंदाही नोटीस लागेल. तेव्हा क्लास रिप्रेझेंटेटिव्हला गाठा आणि दोघं-तिघं मिळून सरांकडे जा. अर्धे पॉइंट कापा म्हणा. त्या बदल्यात एक सकाळ समुद्राला, एक दुपार शहराला आणि दहा मिनिटं पत्रादेवीला मागा. गटांची यादी आणि फोन नंबर तयार करूनच न्या, म्हणजे ‘जबाबदारी कोण घेणार’ या प्रश्नाला ‘आम्ही’ असं म्हणता येईल.

आणि बस बांद्याला चहाला थांबली तर खाजं नक्की घ्या. ‘इथे काय आहे’ असं कोणी विचारलं, तर आता तुम्हालाही सांगता येईल.